खाज आधी, फोड नंतर : बुलस पेम्फिगॉइड आणि घरची शुश्रूषा

आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला गेले दोन-तीन महिने अंगभर खाज सुटते आहे. आरंभी वाटले, थंडीतला कोरडेपणा असेल. म्हणून खोबरेल तेल चोळले. मग वाटले, खरूज असेल. म्हणून घरातल्या सर्वांनी मलम लावले, चादरी उकळून काढल्या. पुढे कोणी अ‍ॅलर्जी म्हटले, तेव्हा वांगे, शेंगदाणे, मासे बंद झाले. खाज मात्र रात्रीच्या रात्री जागवीत राहिली. आणि एके दिवशी सकाळी मांडीच्या आतल्या बाजूस, पोटावर, दंडावर द्राक्षाएवढे, ताणलेले, स्वच्छ पाण्याने भरलेले फोड दिसले. वाचकहो, हा क्रम आपल्याला ओळखीचा वाटत असेल तर पुढील मजकूर सावकाश वाचावा. साठी-सत्तरीनंतर उद्भवणाऱ्या बुलस पेम्फिगॉइड या आजाराची ही नेहमीची चाल आहे.

आमच्या घरी हा क्रम जसाच्या तसा घडला. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, ते तेव्हा ७६ वर्षांचे होते. खाज सुरू झाल्यापासून रोगाचे नाव कळेपर्यंत पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत शेजारच्या आजींनी नागीण म्हणून गेरू लावायला सांगितला, एका नातेवाइकांनी कुलदैवताचे काही राहून गेले आहे का असे विचारले, आणि माझ्या जाऊबाईंनी मुलांना आजोबांच्या खोलीत जाऊ देणे थांबवले. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. फोड पाहिले की माणूस आधी बिचकतो, विचार नंतर करतो.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगते. हा आजार संसर्गजन्य नाही. त्या फोडांतल्या पाण्यात एकाचा रोग दुसऱ्याला देणारा कोणताही जंतू नसतो. नातवंडांनी आजोबांचा हात धरावा, त्यांच्या शेजारी बसून जेवावे, त्यांच्या मांडीवर डोके ठेवून गोष्ट ऐकावी. जखमा हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, ते रुग्णाला बाहेरचा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. आपल्याला काही होईल म्हणून नव्हे.

भिंतीचा पोपडा

ओल धरलेल्या भिंतीवरचा रंग जसा फुगून भिंतीपासून सुटतो, तसेच काहीसे येथे त्वचेचे होते. आपल्या त्वचेचा वरचा थर खालच्या थराशी अतिशय बारीक प्रथिनांच्या साहाय्याने घट्ट जोडलेला असतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी प्रतिपिंडे निर्माण करते. या आजारात तिची चूक होते आणि ती या जोडणाऱ्या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. त्यांतील दोन प्रथिनांना वैद्यकात बीपी १८० आणि बीपी २३० म्हणतात. जोड सैल झाला की दोन थरांमध्ये पाणी साठते. फोडाच्या वर त्वचेचा अख्खा वरचा थर असल्यामुळे फोड ताठ असतो आणि सहजासहजी फुटत नाही.

याचाच एक चुलतभाऊ म्हणजे पेम्फिगस. त्यात वरच्या थरातील पेशी एकमेकींपासूनच सुटतात. त्यामुळे फोडाचे आवरण पातळ, ढिले आणि चटकन फुटणारे असते. पुष्कळदा तोंडातल्या न भरणाऱ्या जखमांनीच त्याची सुरुवात होते. तो बहुधा मध्यम वयात गाठतो आणि आपल्या देशात पेम्फिगॉइडपेक्षा अधिक आढळतो. पूर्वी या दोहोंची गणना एकातच होई. १९५३ साली बोस्टनचे त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखालील फरक दाखवून त्यांना वेगळे केले. हा फरक केवळ पुस्तकी नव्हे. स्टिरॉइड उपलब्ध होण्यापूर्वी पेम्फिगसचा रुग्ण क्वचितच वाचे; पेम्फिगॉइड तुलनेने सौम्य. मात्र तो ज्या शरीरात येतो ते शरीर थकलेले असते, हे विसरून चालत नाही.

नागिणीशी होणारी गल्लतही येथेच दूर करू. नागीण शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखी उठते, तिच्यात आग आणि वेदना प्रमुख असतात आणि ती काही आठवड्यांत ओसरते. पेम्फिगॉइड दोन्ही बाजूंना येतो, त्यात खाज प्रमुख असते आणि तो मुक्कामाला येतो.

निदानासाठी त्वचेचे लहान तुकडे काढून तपासावे लागतात. एक फोडाच्या कडेचा, आणि दुसरा फोडाजवळच्या वरवर निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा. दुसरा तुकडा का, असे नानांनी विचारले होते. चांगल्या कातडीला कशाला टोचता, हा त्यांचा आक्षेप. उत्तर असे की प्रतिपिंडांची रेघ त्या शेजारच्या त्वचेतच नीट दिसते. हा तुकडा नेहमीच्या फॉर्मेलिनमध्ये न ठेवता वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो. म्हणून ही तपासणी जेथे नियमित होते अशा ठिकाणी, त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करवून घ्यावी.

गोळ्यांची पिशवी

या लेखातून एकच गोष्ट आपल्या स्मरणात राहणार असेल तर ती ही असावी. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, अगदी रिकामी पाकिटेसुद्धा, एका पिशवीत भरून न्या.

आपल्या वृद्धांची औषधे सहसा चार ठिकाणांहून आलेली असतात. मधुमेहाची एकाकडून, रक्तदाबाची दुसऱ्याकडून, प्रोस्टेटची तिसऱ्याकडून, आणि झोपेची गोळी कधीतरी कोणीतरी दिलेली. त्वचेचे डॉक्टर त्वचा पाहतात, साखरेचे डॉक्टर साखर पाहतात. सगळी यादी एकत्र मांडून कोणीच पाहत नाही. नानांना आधी तपासलेल्या दोन दवाखान्यांत ‘शुगर आहे का?’ असे विचारले गेले; ‘शुगरची कोणती गोळी घेता?’ असे कोणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, कारण कातडीचा आणि त्या गोळीचा काही संबंध असेल असे मनातही आले नव्हते.

संबंध असू शकतो. मधुमेहावरील ग्लिप्टिन वर्गातील औषधांचा आणि बुलस पेम्फिगॉइडचा दुवा गेल्या काही वर्षांत फिनलंड, फ्रान्स, इस्रायल, दक्षिण कोरिया अशा अनेक देशांतील अभ्यासांतून पुढे आला आहे. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन ही या वर्गातील आपल्याकडची परिचित नावे. त्यांपैकी व्हिल्डाग्लिप्टिनचे नाव अधिक ठळकपणे येते. भारतात या औषधाचे पेटंट २०१९ च्या अखेरीस संपले, ते स्वस्त झाले आणि असंख्य व्यापारी नावांनी घरोघरी पोहोचले. बहुतेक पाकिटांवर त्याच्या जोडीला मेटफॉर्मिन असते. मेटफॉर्मिनचा येथे दोष आढळलेला नाही. गोंधळ होतो तो व्यापारी नावांमुळे. पाकिटावरील मोठ्या अक्षरांतले नाव वाचू नका, त्याखालची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचा.

येथे दोन गोष्टी लगेच सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा लेख वाचून कोणी आज रात्रीच गोळी टाकून देईल. ही गोळी घेणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांनाच हा त्रास होतो. ज्यांना खाज नाही, फोड नाहीत, त्यांनी विनाकारण घाबरू नये. आणि ज्यांना आहेत त्यांनीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. साखर अनियंत्रित झाली की जखमा चिघळतात, आणि स्टिरॉइड सुरू झाले तर साखर आणखी वाढते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. फोनवर का होईना. औषध सुरू झाल्यावर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही हा आजार उद्भवू शकतो. त्यामुळे ‘ही गोळी तर जुनीच आहे’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. लघवी होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचाही असा संबंध सांगितला जातो, म्हणून पिशवीत सगळेच टाकावे.

नानांची गोळी बदलली. तिच्यामुळेच आजार झाला होता का, हे खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. सोबतीला इतर उपचारही चालू होतेच. पण बदलल्यानंतर नवे फोड कमी होत गेले, एवढे मी पाहिले.

मलम लावणारे हात

फोड पाहून घरचे लोक जोरदार औषधाची मागणी करतात. तज्ज्ञ मात्र वृद्धांच्या बाबतीत हात आखडता घेतात, आणि ते योग्य आहे. या आजारात रोगाइतकाच, कधी रोगाहून अधिक, धोका पोटातून दीर्घकाळ घेतलेल्या मोठ्या मात्रेच्या स्टिरॉइडचा असतो. २००२ साली फ्रान्समधील एका मोठ्या अभ्यासाने हे स्पष्ट केले. आजार खूप पसरलेल्या रुग्णांपैकी ज्यांना क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड मलम अंगभर लावले, त्यांच्यात वर्षभरानंतर हयात राहिलेल्यांचे प्रमाण ७६ टक्के होते. ज्यांना प्रेडनिसोन पोटातून मोठ्या मात्रेत दिले, त्यांच्यात ५८ टक्के. एका मलमाने एवढा फरक पडावा, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पण त्या अभ्यासातील मलमाची मात्रा होती रोज ४० ग्रॅम. बाजारातील नेहमीची ट्यूब ३० ग्रॅमची. म्हणजे दिवसाला एक ट्यूब संपून दुसरी उघडायची! सगळ्यांनाच इतके लागत नाही, पुढे मात्रा कमीही करतात. तरी हे उपचार चिमूटभर मलमाचे नव्हेत, आणि वाकता न येणाऱ्या वृद्धाला ते स्वतः लावणे शक्य नसते. कोणाचे तरी हात लागतात. शहरांतील एकट्या वृद्ध जोडप्यांपुढे हीच अडचण येते, आणि मग ‘मलम झेपत नाही, गोळीच द्या’ असे म्हणावे लागते. डॉक्टरांना हे संकोच न करता सांगावे; घरी किती हात आहेत यावर उपचार ठरतात.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती. आयुष्यभर सुनेसमोर सदऱ्याशिवाय न बसलेल्या माणसाने उघड्या अंगाने मलम लावून घ्यायचे कसे? पहिले दोन दिवस त्यांनी ‘मला जमते’ म्हणून दार लावून घेतले आणि पाठीचा भाग तसाच राहिला. शेवटी वाटणी झाली. कमरेखालचे काम माझ्या यजमानांनी करायचे, पाठ आणि हात माझ्याकडे, तेही त्यांना भिंतीकडे तोंड करून रेडिओ ऐकत बसता येईल अशा वेळी. आपल्या घरीही अशी वाटणी आधी बोलून ठरवावी. रुग्ण उपचार टाळतो आहे असे आपल्याला वाटते, तेव्हा पुष्कळदा तो फक्त लाज राखत असतो.

लावणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण तेच औषध रोज आपल्या तळहातांत मुरणे बरे नाही. हे मलम म्हणजे खाजेवरचे घरगुती मलम नव्हे. दुकानातून आपल्या मनाने आणून कोणत्याही चट्ट्यावर लावायचे ते नाही, हेही जाता जाता सांगते.

मलमाखेरीज इतर पर्याय आहेत. डॉक्सिसायक्लिन या जुन्या प्रतिजैविकाची प्रेडनिसोलोनशी तुलना करणारा ब्रिटन आणि जर्मनीतील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फोड आवरण्यात स्टिरॉइड सरस ठरले, पण वर्षभरातील गंभीर दुष्परिणाम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे होते. वयोवृद्ध रुग्णासाठी हा सौदा कधी कधी फायद्याचा असतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डुपिलुमॅब या इंजेक्शनास या आजारासाठी मान्यता दिली. त्याची किंमत मात्र सामान्य कुटुंबाला परवडणारी नाही.

पोटातून स्टिरॉइड घ्यावेच लागले तर ते सकाळी, खाऊन झाल्यावर घ्यावे. साखर, रक्तदाब, हाडे आणि डोळे यांवर लक्ष ठेवावे. सुरू करण्यापूर्वी जुना क्षयरोग होऊन गेला असल्यास डॉक्टरांना सांगावे. आणि फोड गेले म्हणून गोळी एकाएकी बंद करू नये. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. गावी लग्नाला जाताना गोळ्या घरी राहिल्या, एवढे कारणही पुरते. खिशात एक चिठ्ठी ठेवावी, तिच्यावर औषधाचे नाव आणि मात्रा लिहावी.

फोड, पांघरूण आणि केळीचे पान

लहान फोडांना हात लावू नये. मोठा, ताठ, दुखणारा फोड असेल तर डॉक्टर किंवा परिचारिका निर्जंतुक सुईने तळाशी छिद्र पाडून पाणी काढतात. वरचे कातडे कापून टाकायचे नसते. जखमेला याहून चांगले पांघरूण मिळत नाही. हे एकदा नीट शिकून घेतले तर पुढे घरीही जमते. उघड्या जखमेवर व्हॅसलीनची जाळीदार पट्टी, तिच्यावर मऊ कापड आणि वरून सैल गुंडाळी. चिकटपट्टी त्वचेवर कदापि लावू नये. काढताना ती चांगली कातडी सोबत घेऊन येते. पाझरणाऱ्या जखमांसाठी डॉक्टर पोटॅशियम परमँगनेटचे पाणी सांगतात. ते फिकट गुलाबी असावे, जांभळे नव्हे, आणि एकही खडा न विरघळता राहू नये. खड्याने त्वचा भाजते.

केळीच्या पानाविषयी लोक नेहमी विचारतात. पान गुळगुळीत, गार आणि न चिकटणारे असल्याने आपल्याकडील अनेक रुग्णालयांत फोडांच्या रुग्णांना त्यावर निजवण्याची पद्धत आहे. मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांची मलमपट्टी वापरून पाहिली आणि २००३ मध्ये तिचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण ती पाने निर्जंतुक केलेली होती. परसातले पान तोडून, फडक्याने पुसून उघड्या जखमेवर ठेवणे ही निराळी गोष्ट झाली.

अंथरुणासाठी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यासारखे दुसरे वस्त्र नाही. सदरा उलटा घातला तर शिवण टोचत नाही. आंघोळ कोमट पाण्याची, घासणी आणि उटणे वर्ज्य, अंग टिपून कोरडे करावे. रुग्णाला उठवताना काखेत हात घालून ओढू नये; दोघांनी खालची चादर धरून सरकवावे. नखे कापलेली असावीत, त्याची आणि आपलीही.

आहाराबद्दल थोडक्यात. पाझरणाऱ्या जखमांतून प्रथिने वाहून जातात, म्हणून डाळ, दूध, दही, अंडी चालत असल्यास अंडी, हे वाढवावे. आमच्याकडे आधीच्या पाच महिन्यांत पथ्यापायी नानांचे वजन सहा किलोंनी उतरले होते. त्या पथ्याने खाज कमी झाली नाही, माणूस मात्र खंगला.

पक्षाघात, पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांमध्ये हा आजार अधिक प्रमाणात आढळतो. असा रुग्ण ‘मला खाजते’ असे सांगू शकत नाही. तो रात्री अस्वस्थ होतो, कपडे ओढतो, चिडतो. आणि घरचे त्याला झोपेची गोळी वाढवून मागतात. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसत असतील, नखांत खपल्या असतील, तर आधी त्वचा पाहावी. ताप, फोडांत पू, जखमेभोवती पसरणारी लाली, गुंगी, लघवी कमी होणे, काळी शौचाला, एकाच पायावर सूज किंवा धाप, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हा आजार महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे राहतो. अनेकांत तो हळूहळू शांत होतो आणि औषधे उतरवता येतात. शांत झालेला आजार परतूही शकतो. आम्ही एका वहीत रोज नव्या फोडांची संख्या आणि रात्रीच्या खाजेला दहापैकी गुण लिहीत होतो. गुण नाना स्वतः देत. जन्मभर शिक्षकी केल्यामुळे अर्धा गुणही द्यायचे. डॉक्टरांना त्या वहीचा आमच्या सांगण्यापेक्षा अधिक उपयोग झाला.

औषधे थांबून वर्ष उलटले होते. गेल्या आश्विनात एके सकाळी चहा घेताना नाना म्हणाले, ‘अगं, काल रात्री खाज होती. फोड एकही नाही, पण खाज तीच आहे. साडेतीन गुण.’ त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मलम पुन्हा सुरू झाले, या वेळी थोडेच. फोड आले ते चार, डाव्या मांडीवर, आणि दिवाळीपूर्वी सुकले. नरकचतुर्दशीला उटण्याची वाटी त्यांनी बाजूला सारली, तेलाची पुढे केली आणि पाठ माझ्याकडे करून बसले.